भिडेस्तव दिलेला पासवर्ड

विद्यापीठाच्या संगणक कक्षात सकाळी साडेदहानंतर जे फोन सुरू होतात, त्यांतल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘‘अहो, चालत नाहीये.’’ काय चालत नाहीये, हे पुढे चिकाटीने काढून घ्यावं लागतं.

‘‘काय चालत नाहीये मॅडम?’’

‘‘कॉम्प्युटर.’’

‘‘म्हणजे चालू होत नाहीये?’’

‘‘चालू आहे हो. पण चालत नाहीये.’’

‘‘स्क्रीनवर काही लिहून आलंय का?’’

‘‘आलं होतं. मी ओके केलं.’’

‘‘काय लिहिलं होतं?’’

‘‘ते इंग्रजीत होतं.’’

या शेवटच्या उत्तरावर कुणी हसू नये. याच मॅडम यूजीसीला जाणारी इंग्रजी पत्रं एकटाकी लिहितात, आणि विभागप्रमुखांच्या पत्रातली चूक पेन्सिलने हळूच दुरुस्तही करतात. पण संगणकाच्या चौकटीत उमटलेलं इंग्रजी वाचायचं नसतं, ते ओके करायचं असतं, असा आपल्या कचेऱ्यांत एक अलिखित संकेत आहे. चौकट कितीही कळकळीने काही सांगू दे, आपण तिला ओके म्हणून वाटेला लावतो. ओके नसेल तर ‘नंतर आठवण करा’ असतंच. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले लाखो संगणक बंद पाडले. ज्या भोकातून तो आत शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, १४ मार्चलाच दिलेला होता. त्या दोन महिन्यांत जगभर किती जणांनी ‘नंतर आठवण करा’ म्हटलं असेल, त्याची गणती नाही.

तर ‘चालत नाहीये’वर संगणक कक्षातला मुलगा जे पहिलं औषध सांगतो, ते म्हणजे ‘रिस्टार्ट मारून बघा.’ (त्याचं लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागली तरी तो ‘संगणकवाला मुलगा’च राहतो.) हे त्याचं टाळायचं उत्तर आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. ‘मी रोज संध्याकाळी बंद करूनच जाते, रिस्टार्ट कशाला?’ असं मॅडम जरा रागानेच विचारतात. मॅडमचा राग रास्त आहे, आणि मुलाचं औषधही बरोबर आहे. कारण २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ‘शटडाऊन’ म्हणजे पूर्ण बंद, असं राहिलेलं नाही. सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून बहुतेक संगणक बंद होताना आपल्या प्रणालीच्या गाभ्याची तेव्हाची अवस्था डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तीच पुन्हा उचलतात. म्हणजे काल संध्याकाळचा घोळ आज सकाळी जसाच्या तसा हजर. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर शून्यापासून सुरू होतं. वर्षभर नेमाने बंद केलेला संगणक अशा प्रकारे एकदाही पुरता बंद झालेला नसतो.

दुसऱ्या नंबरची तक्रार म्हणजे ‘डबे येतायत.’ आवक-जावकमधून आलेलं पत्र उघडलं की मराठीच्या जागी चौकोनी डबे, नाहीतर अगम्य खुणांची रांग. कारण एका विभागात श्रीलिपी, दुसऱ्यात कृतीदेव, तिसऱ्यात आयएसएम, आणि प्रत्येकाची अक्षरांमागची मांडणी वेगळी. यूनिकोडात लिहिलं तर हा प्रश्नच उरत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मराठी टंकलेखनाची तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा पास होऊन सेवेत लागलेल्या मंडळींची बोटं रेमिंग्टनच्या कळांवर पक्की बसलेली. यूनिकोडातही रेमिंग्टन पद्धतीचा कीबोर्ड मिळतो आणि दहा मिनिटांत बसवता येतो, एवढं सांगायला कुणी त्यांच्या टेबलापाशी जात नाही. परिपत्रक मात्र जातं. तेही श्रीलिपीत.

आता या फॉन्टच्या भानगडीचा सुरक्षेशी काय संबंध, असं वाटेल. संबंध पेनड्राईव्हचा आहे. फाईल मेलवर पाठवली की पलीकडे डबे दिसतात, म्हणून माणसं फाईल खिशात घालून ज्या संगणकावर ती नीट दिसते तिथे स्वतः जातात. परीक्षा विभागाचा पेनड्राईव्ह आस्थापनेत जातो, तिथून गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे, तिथून कुणाच्या तरी घरी मुलाचा प्रोजेक्ट छापायला, आणि सोमवारी पुन्हा परीक्षा विभागात. येताना तो ज्याला सगळे ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात ते घेऊन येतो. पेनड्राईव्ह उघडल्यावर आपल्याच फोल्डरांच्या नावापुढे कोपऱ्यात एक बारीकसा बाण दिसतो. खरं फोल्डर लपवलेलं असतं, आणि त्याच नावाचा हा तोतया पुढे उभा केलेला असतो. त्यावर दोनदा टिचकी मारली की व्हायरस संगणकात शिरतो, आणि मग सभ्यपणे खरं फोल्डरही उघडून देतो. काम अडत नाही, म्हणून तक्रार होत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणून तो महिनोन्‌महिने सुखाने नांदतो. तो बाण दिसला की टिचकी मारायची नाही, पेनड्राईव्ह काढून संगणक कक्षात द्यायचा, एवढंच पथ्य आहे.

एवढं सोपं पथ्य पाळलं का जात नाही? कारण शेजारच्या विभागातले भाऊसाहेब दारात उभे असतात. ‘‘जरा एक प्रिंट काढायची होती हो, दोन मिनिटांचं काम.’’ त्यांच्या हातात पेनड्राईव्ह. आता ‘तुमचा पेनड्राईव्ह माझ्या मशिनला लावणार नाही’ असं वीस वर्षं एका कँटीनमध्ये चहा प्यायलेल्या माणसाला कसं सांगायचं? बरं दिसत नाही ते.

‘बरं दिसत नाही’ हीच खरी गोम आहे. संगणक सुरक्षा हा तंत्राचा विषय म्हणून शिकवला जातो. आपल्या विद्यापीठांत मात्र तो नव्वद टक्के भिडेचा विषय आहे. भीड भिकेची बहीण, ही म्हण रंगवून संगणक कक्षाच्या दारावर लावायला हरकत नाही. चहाला उठताना विंडोजची कळ आणि एल दाबून स्क्रीन कुलूपबंद करावा, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. एका क्षणाचं काम आहे. पण शेजारी बसलेली मैत्रीण लगेच म्हणते, ‘‘माझ्यावर विश्वास नाही वाटतं?’’ मग दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन उघडाच राहतो, आणि मैत्रीही.

पासवर्डचंही तेच. पासवर्डचा जन्म विद्यापीठातला आणि त्याची पहिली चोरीही विद्यापीठातलीच, हे सांगितलं की आमच्या मंडळींना जरा बरं वाटतं. १९६१च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. वेळही मोजून मिळे. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या पीएच.डी.च्या कामासाठी वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्याने काय केलं, तर पासवर्डांची फाईल छापून द्यावी असं एक पंचकार्ड शुक्रवारी रात्री उशिरा छपाईसाठी टाकलं आणि शनिवारी सकाळी जाऊन यादी घेऊन आला. संशोधनासाठी शिष्य काय काय करतो ते मार्गदर्शकाला कळत नाही, हा नियम तेव्हाही होता. पुढे १९६६ साली तर आणखी गंमत झाली. रोज लॉगिन करणाऱ्याला दिसणारी सूचना आणि पासवर्डांची फाईल यांची एका चुकीमुळे अदलाबदल झाली, आणि त्या दिवशी जो कुणी लॉगिन करेल त्याच्यापुढे सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले. खुद्द कॉर्बातोंनी २०१४ साली एका मुलाखतीत पासवर्ड हे आता दुःस्वप्न होऊन बसल्याचं कबूल केलं होतं.

त्या दुःस्वप्नात भर घातली ती बिल बर यांनी. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी, म्हणजे निस्टसाठी, त्यांनी मार्गदर्शिका लिहिली. पासवर्डात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि तो ठरावीक मुदतीने बदलायला हवा, हा सगळा जाच तिथून जगभर पसरला. २०१७ साली निवृत्त बर यांनी आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं, आणि त्याच वर्षी निस्टने नव्या मार्गदर्शिकेत हा आग्रह सोडून दिला. पासवर्ड लांब असू द्या, चोरीला गेल्याचा संशय आला तरच बदला, असं आता ते म्हणतात. आमच्याकडे जुनी मार्गदर्शिका पोचायलाच वेळ लागला. नवी अजून टपालात असावी.

सक्तीने बदलायला लावलं की माणूस काय करतो, ते कुठल्याही विभागात जाऊन पाहावं. पहिला पासवर्ड ‘गणपती@१२३’. हा अक्षरशः देवाच्या भरवशावर सोडलेला. नव्वद दिवसांनी बदलायची सूचना आली की ‘गणपती@१२४’. पुढच्या खेपेला १२५. वर्षाला चार या हिशेबाने तीस वर्षांच्या सेवेत गणपती अडीचशेच्या घरात पोचतो. गणपतीऐवजी साई, स्वामी, नाहीतर मुलीचं नाव, एवढाच काय तो फरक. आणि पासवर्ड फोडणारे प्रोग्राम शब्दाला @१२३ जोडून बघण्यापासूनच सुरुवात करतात.

त्यापेक्षा एकमेकांशी काही नातं नसलेले चार शब्द ओळीने लिहावेत : ‘ज्वारी छत्री लिफ्ट पाडवा’. डोळ्यांपुढे एकदा आणलं की विसरणं कठीण, आणि लांबीमुळे फोडणंही कठीण. (आता हे छापून आलं, म्हणून नेमके हेच चार घेऊ नयेत.) इतर कुठलाही नसला तरी मेलचा पासवर्ड सगळ्यांहून वेगळा हवा, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांची ‘पासवर्ड विसरलात?’ची चिठ्ठी त्या मेलवरच येते. आणि लक्षात राहत नसेल तर कागदावर लिहून ठेवायला हरकत नाही. ब्रूस श्नायर यांच्यासारखा नावाजलेला सुरक्षातज्ज्ञसुद्धा लिहून पाकिटात ठेवा असंच सांगत आला आहे. फक्त कागदाची जागा पाकिटात किंवा कुलपातल्या कपाटात. मॉनिटरच्या कडेला, लग्नाच्या आमंत्रणाशेजारी, नाही.

पण आमच्याकडे पासवर्ड लिहावाच लागत नाही, कारण तो सर्वांना पाठ असतो. अधीक्षक रजेवर गेले की जाताना पासवर्ड सांगून जातात. अडचण नको व्हायला कुणाची. ते परत आले तरी पासवर्ड परत येत नाही. मग एखाद्या दिवशी गुणांच्या नोंदीत काही फेरफार झाल्याचं आढळतं, प्रणालीची नोंदवही काढली जाते, आणि तिच्यात दिसतं की हा बदल अधीक्षकांनी स्वतः दुपारी सव्वाबाराला केला. सव्वाबाराला अधीक्षक मुलीच्या लग्नात अंतरपाट धरून उभे होते, याला तीनशे वऱ्हाडी साक्षीदार. तरी खुलासा त्यांनाच लिहावा लागतो. प्रत्येकाला आपलं वेगळं खातं आणि रजेच्या काळात तात्पुरता अधिकार, ही सोय जवळजवळ प्रत्येक प्रणालीत असते. ती मागायला एक अर्ज करावा लागतो, आणि पासवर्ड सांगायला नुसतं तोंड उघडावं लागतं.

याच्या वरची पायरी म्हणजे ओटीपी. शासनाची अर्धी पोर्टलं प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या मोबाइलला जोडलेली असतात, आणि माहिती भरणारा माणूस असतो तिसऱ्याच इमारतीत. मग मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी व्हरांड्यातून आरोळी येते : ‘‘सर, ओटीपी आला का?’’ सर बैठकीत. शिपाई चिठ्ठी घेऊन आत जातो. सर चिठ्ठीवर सहा आकडे लिहितात. ती तीन हातांतून फिरत टेबलापाशी पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकट्याच्याच डोळ्यांनी पाहायचे सहा आकडे या प्रवासात झाडूवाल्या मावशींपर्यंत सर्वांना कळलेले असतात. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला उद्या कुणी बँकेतून बोलतोय म्हणून गोड आवाजात ओटीपी विचारला, तर त्याला त्यात काही वावगं का वाटावं? ओटीपी सांगण्याचा तो रोजचा सराव पगार घेऊन करत आलेला असतो.

डोंगलची कथा तर याहून सुरस. डिजिटल सही म्हणजे पेनड्राईव्हसारखं दिसणारं एक यंत्र आणि त्याचा पिन. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यानुसार ही सही कागदावरच्या सहीइतकीच पक्की. त्याच कायद्याचं कलम ४२ सांगतं की या सहीमागच्या खाजगी किल्लीचा ताबा सुटू नये म्हणून वाजवी काळजी घेणं हे ज्याच्या नावाची सही त्याचं काम. प्रत्यक्षात साहेबांचं डोंगल लेखा विभागातल्या लिपिकाच्या खणात, यूडी कोलनच्या बाटलीशेजारी असतं, आणि पिन त्यावरच चिकटपट्टीने लावलेला. कोऱ्या धनादेशांच्या पुस्तकावर सह्या करून ते लिपिकाकडे ठेवा म्हटलं तर हेच साहेब खुर्चीतून उठून उभे राहतील. पीएफएमएससारख्या प्रणालीत एकाने रकमेची नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, अशी शहाणी योजना आहे. पण दोघांचीही किल्ली एकाच खणात असल्यामुळे तो एकपात्री प्रयोग होतो. नोंद करणारा तोच, मंजूर करणारा तोच, आणि चूक निघाली तर चकित होणाराही तोच. लिपिक प्रामाणिक असतो म्हणून सगळं निभावतं. प्रामाणिकपणा एवढ्या जोखमीवर टांगून ठेवणं हा त्या लिपिकावरच अन्याय आहे.

आता चोराकडे वळू. चोराला आपली ही भीड आपल्यापेक्षा चांगली कळते. गेल्या काही वर्षांत देशातल्या अनेक विद्यापीठांत घडलेला प्रकार असा : प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून संदेश येतो. फोटो कुलगुरूंचा, अगदी संकेतस्थळावर आहे तोच. ‘कसे आहात? कुठे आहात?’ ज्यांच्या पदोन्नतीची फाईल तीन वर्षं जागची हललेली नाही, त्यांची कुलगुरू आपणहून चौकशी करतात म्हटल्यावर माणूस खुर्चीतच सावरून बसतो. मग पुढचा संदेश : ‘मी एका महत्त्वाच्या बैठकीत आहे. फोन घेऊ शकत नाही. काही गिफ्ट कार्डं तातडीने हवी आहेत. तुमच्यावर विसंबून आहे.’ कुलगुरूंना गिफ्ट कार्डं कशाला हवीत, असा प्रश्न मनात येतो. पण कुलगुरूंना कित्येक गोष्टी कशाला हव्या असतात ते आपल्याला एरवी तरी कुठे कळतं? कार्डं घेतली जातात, त्यांवरचे आकडे पाठवले जातात, आणि मग ‘अजून पाच मिळतील का?’ असा संदेश आल्यावर जरा उजेड पडतो.

या सापळ्यातलं एकच वाक्य खरं महत्त्वाचं आहे : ‘फोन घेऊ शकत नाही.’ बाकी सगळी सजावट. कारण एका फोनने हा डाव मोडतो, आणि कुलगुरूंना फोन करून ‘हे आपणच लिहिलंय का?’ असं विचारायची आपली छाती होणार नाही, हे चोराने ओळखलेलं असतं.

मेलवरच्या सापळ्यांचं तंत्र थोडं निराळं. ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, आज रात्री बंद होईल, खालील लिंकवर पासवर्ड टाका.’ रात्री बंद होईल म्हटलं की आपण घाबरतो. घाबरलेला माणूस वाचत नाही, टिचकी मारतो. इथे थांबून एक गोष्ट करावी. माणसाला आडनाव विचारू नये हे अगदी खरं, पण लिंकला मात्र आधी आडनावच विचारावं. पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ कुठे आहे ते बघा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. रेघेला लागून सर्वांत आधी जे येतं ते आडनाव, तोच त्या पत्त्याचा खरा मालक. ‘विद्यापीठ डॉट एसी डॉट इन’ असं संपत असेल तर घर आपलं. पण ‘विद्यापीठ डॉट एसी डॉट इन डॉट मेल-अपडेट डॉट कॉम’ असं असेल, तर विद्यापीठ हे नुसतं लाडाचं नाव. हे कार्टं ‘मेल-अपडेट डॉट कॉम’च्या घरातलं. ‘डॉट एसी डॉट इन’ हे आडनाव शैक्षणिक संस्थांसाठी राखून ठेवलेलं आहे, ‘डॉट कॉम’ कुणीही विकत घेतं. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं म्हणूनही हुरळून जाऊ नये. मधल्या वाटेत कुणी ऐकत नाही, एवढीच ग्वाही ते कुलूप देतं. पलीकडे साव बसलाय की चोर, ते सांगत नाही. आणि सहकाऱ्याचं खरंखुरं खातंच चोराच्या हाती लागलं असेल तर आडनाव अस्सल असूनही माणूस नकली असतो. तिथे पुन्हा फोनच.

एका टिचकीने काय होतं, याचं उदाहरण नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त विद्यापीठाने सविस्तर सांगून ठेवलं आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये तिथे कुणीतरी अशाच एका मेलमधली लिंक उघडली. त्या दिवशी काहीच झालं नाही. चोर दोन महिने आत शांतपणे हिंडत राहिले. अपडेट न केलेले सर्व्हर हेरले, हळूहळू अधिकार मिळवले, आणि २३ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, २६७ सर्व्हरना एकदम टाळं ठोकलं. शोधनिबंध, मेल, परीक्षांची तयारी, सगळं आत. काही महत्त्वाच्या प्रणालींचे बॅकअपही त्याच जाळ्याला जोडलेले होते, म्हणून तेही टाळ्यात गेले. शेवटी विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी मोजली.

पुढचा भाग मात्र आपल्या लेखापरीक्षकांना कुठल्या शीर्षाखाली घालावा असा प्रश्न पाडणारा आहे. त्या खंडणीतल्या काही रकमेचा माग पोलिसांना युक्रेनमधल्या एका खात्यापर्यंत लागला. सापडलं तेव्हा त्या आभासी चलनाचं मोल चाळीस हजार युरोच्या आसपास होतं. कायद्याचे सोपस्कार आटोपून २०२२ साली ते परत मिळायची वेळ आली तोवर भाव चढून त्याचे पाच लाख युरो झाले होते. दिलेल्या खंडणीहून परत येणारा तुकडा मोठा! एकूण नुकसान त्याहून कितीतरी जास्त होतं, असं विद्यापीठाने तेव्हाच सांगून टाकलं, आणि आलेले पैसे गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी ठेवायचं ठरवलं. यावरून खंडणी ही उत्तम गुंतवणूक आहे असा निष्कर्ष कुणा व्यवस्थापन परिषदेने काढू नये.

बॅकअपची गोष्ट निघालीच आहे, तर जगात ‘बॅकअप दिन’ नावाचा एक दिवस आहे. तो येतो ३१ मार्चला. ज्याने कुणी ही तारीख निवडली त्याने भारतातल्या लेखा विभागाचं तोंड कधी पाहिलेलं नसावं. ३१ मार्चला आमच्याकडे देयकं असतात, उपयोगिता प्रमाणपत्रं असतात, परत जाऊ घातलेलं अनुदान असतं, रात्री अकरापर्यंत वडापाव असतो, नसतो तो फक्त बॅकअप. खरं तर वर्षभराचं काम ज्या डिस्कवर एकवटलेलं असतं ती डिस्क नेमकी त्याच रात्री सर्वांत मोलाची असते. नियम सोपा आहे : महत्त्वाच्या फायलीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक इमारतीबाहेर. त्यात मास्त्रिख्तची शिकवण मिळवायची : एक प्रत तरी वायरीने कशालाच जोडलेली नको. ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘अंतिम फायनल साहेबांनी बघितलेली’ अशा नावांनी एकाच डेस्कटॉपवर ठेवलेल्या तीन फायली म्हणजे बॅकअप नव्हे.

हे सगळं सांगायला वर्षातून एकदा ‘सायबर जागरूकता कार्यशाळा’ होते. दीपप्रज्वलन होतं, रोपटं देऊन स्वागत होतं, पहिल्या रांगेतले साहेब ‘आजच्या युगात सायबर सुरक्षेचं महत्त्व अनन्यसाधारण आहे’ असं म्हणतात, आणि पुढच्या बैठकीला निघून जातात. पहिली रांग रिकामी होते. मग तज्ज्ञ मागच्या रांगांना सांगू लागतात की पासवर्ड कुणालाही देऊ नका, डोंगल दुसऱ्याकडे ठेवू नका, पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. सगळं बरोबर. शेवटी प्रश्नोत्तरांत मागून कुणीतरी हळूच विचारतं, ‘‘सर, साहेबांनीच पासवर्ड मागितला तर?’’ सभागृह हसतं. तज्ज्ञ म्हणतात, ‘‘धोरणानुसार त्यांनाही द्यायचा नाही.’’ सभागृह आणखी जोरात हसतं. कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा प्रश्न अशा रीतीने हशात वाहून जातो, कारण त्याचं उत्तर ज्यांनी द्यायचं ती मंडळी चहाआधीच गेलेली असतात.

मास्त्रिख्तच्या लोकांनी खंडणी दिली याचं कौतुक नाही. कौतुक पुढच्याचं आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये त्यांनी जाहीर सभा भरवली, तज्ज्ञांचा अहवाल लोकांपुढे ठेवला, काय चुकलं ते सांगितलं, पैसे दिले तेही सांगितलं. लिंक उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला उभं करून त्याची शोभा केली नाही. आपल्याकडे चुकून टिचकी मारलेला माणूस पहिले चार तास गप्प बसतो. मेमो मिळेल, वेतनवाढ अडेल, सगळे हसतील. चोराला नेमके तेच चार तास हवे असतात. संगणकाची वायर लगेच काढली आणि संगणक कक्षाला लगेच कळवलं, तर पुष्कळ काही वाचतं. पण कळवण्यासाठी आधी भीती जावी लागते, आणि भीती परिपत्रकाच्या दहाव्या कलमाने जात नाही. ती वरच्या माणसाच्या वागण्याने जाते.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा खुशाल घ्याव्यात, पण त्याआधी कुलगुरूंनी स्वतःच्या सहीने तीनच ओळींचं परिपत्रक काढावं. एक : मी कुणाकडेही, कधीही, संदेशावरून पैसे, पासवर्ड किंवा ओटीपी मागणार नाही. दोन : माझ्या नावाने असं काही आलं तर मला फोन करा, मी बैठकीत असलो तरी. तीन : चूक झाल्याचं जो ताबडतोब सांगेल, त्याला मेमो मिळणार नाही. याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, सल्लागार कंपनी तर मुळीच लागत नाही. पासवर्ड मागणाऱ्या साहेबांना ‘नाही सर’ म्हणायची सोय मात्र त्याने होईल, आणि ती एकदा झाली की पेनड्राईव्ह घेऊन दारात उभ्या असलेल्या भाऊसाहेबांनाही हसतमुखाने नाही म्हणता येईल.

आणि असं परिपत्रक खरोखरच आलं, तर ते कुलगुरूंचंच आहे ना, हे एकदा फोन करून विचारून घ्यावं.